विश्लेषण : छोट्या रेल्वेच्या नव्या रुळांना गंजाचा रंग कशासाठी?

टेबलावर धावणाऱ्या छोट्या आगगाडीचे इंजिन हुबेहूब असते. डब्यांवरचे आकडेही वाचता येतात. तरीही मोबाइलवर फोटो काढला की हे खेळणे आहे, हे लगेच कळते. अनेकदा त्याचे कारण गाडीत नसते, तर गाडीखाली असते. खोक्यातून काढलेले रूळ चांदीसारखे चमकतात आणि त्याखालचे स्लीपर गुळगुळीत काळ्या प्लास्टिकचे असतात. म्हणूनच जगभरातील हौशी मंडळी नवेकोरे रूळ जुने, मळलेले आणि गंजलेले दिसावेत यासाठी तासन् तास खपतात. अडचण अशी की, गाडीला वीज याच रुळांतून मिळते आणि रंग वीज अडवतो. दिसणे आणि धावणे यांचा मेळ कसा घातला जातो, याचा आढावा.

मॉडेल रेल्वे म्हणजे नेमके काय?

मॉडेल रेल्वे म्हणजे ठरावीक प्रमाणात लहान केलेली रेल्वे. त्यातील सर्वाधिक प्रचलित प्रमाण ‘एचओ’ या नावाने ओळखले जाते. यात प्रत्येक वस्तू मूळ आकाराच्या ८७व्या भागाएवढी असते. युरोप-अमेरिकेतील खऱ्या रुळांमधील अंतर १,४३५ मिलिमीटर असते, ते एचओमध्ये १६.५ मिलिमीटर होते. जागा कमी असेल तर ‘एन’ हे १६०व्या भागाचे प्रमाण वापरतात. त्यात दोन रुळांमधील अंतर अवघे ९ मिलिमीटर असते.

हा छंद जुना आहे. अमेरिकेतील मॉडेल रेल्वेप्रेमींची राष्ट्रीय संघटना १९३५ मध्ये स्थापन झाली. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे २००१ मध्ये सुरू झालेले ‘मिनिएचर वंडरलँड’ हे एचओ प्रमाणातील प्रदर्शन जगातील सर्वांत मोठ्या मॉडेल रेल्वेपैकी आहे. महाराष्ट्रातील वाचकांना पुण्यातील भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय परिचयाचे असेल. ते १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले.

रूळ रंगवले नाहीत तर काय बिघडते?

गाडी धावण्यात काहीच बिघडत नाही, बिघडते ते दिसणे. मॉडेलचे बहुतेक रूळ आज ‘निकेल सिल्व्हर’चे असतात. नावात सिल्व्हर असले तरी त्यात चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा हा मिश्रधातू म्हणजे आपल्याकडे भांड्यांमुळे माहीत असलेले ‘जर्मन सिल्व्हर’. पूर्वी पितळी रूळ वापरत. ते लवकर काळवंडत आणि गाडी अडखळे. जर्मन सिल्व्हरने तो त्रास कमी केला, पण सोबत चकाकी आणली.

दुसरे कारण उंचीचे आहे. मॉडेलच्या रुळांची उंची ‘कोड’ने सांगतात. हा आकडा म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ‘कोड १००’चा रूळ २.५४ मिलिमीटर उंच असतो. त्याला ८७ ने गुणले तर उंची २२ सेंटिमीटर होते. प्रत्यक्षात भारतीय रेल्वेच्या मुख्य मार्गांवरील ६० किलो वजनी रूळ सुमारे १७ सेंटिमीटर उंच आहे. म्हणजे मॉडेलचा रूळ हवा त्यापेक्षा बराच जाडजूड असतो आणि चमकल्यामुळे तो आणखी मोठा भासतो. त्याच्या बाजू गडद आणि निस्तेज केल्या की त्या सावलीत जातात. वर फक्त बारीक चकचकीत रेघ उरते आणि डोळ्याला तेवढाच रूळ दिसतो. ‘कोड ८३’ किंवा ‘कोड ७५’चे कमी उंचीचे रूळ बाजारात आहेत. मात्र आधीच बसवलेले रूळ उखडण्यापेक्षा ते रंगवणे केव्हाही स्वस्त पडते.

खऱ्या रुळाचा रंग कोणता असतो?

नवख्यांची पहिली चूक इथे होते. गंज म्हटले की गेरूसारखा लाल किंवा नारिंगी रंग डोळ्यांसमोर येतो. तसा रंग ताज्या गंजाला असतो, उदाहरणार्थ मार्गाशेजारी टाकून ठेवलेल्या रुळांच्या तुकड्यांना. वापरातल्या रुळाच्या बाजूवर गंजाबरोबर धूळ, वंगण आणि ब्रेकमधून उडणारी लोखंडाची भुकटी बसते. त्यामुळे त्याचा रंग काथासारखा गडद तपकिरी, कधी करडेपणाकडे झुकणारा असतो.

हा रंग जागेप्रमाणे बदलतो. गाड्या जिथे ब्रेक लावतात त्या फलाटाआधीच्या पट्ट्यात तो अधिक गडद असतो. इंजिने उभी राहतात तिथे रुळांच्या मधोमध तेलाचे काळे डाग पडतात. वळणावर वंगण लावले जाते, तिथे रुळाची आतली बाजू काळी आणि ओशट दिसते. रुळांच्या जोडाजवळ बाजूवर पांढऱ्या रंगात लिहिलेले आकडे दिसतात. कोकणात जांभ्याच्या कापांमधून जाणाऱ्या मार्गावर लाल मातीची झाक येते, तर पावसाळ्यानंतर कडेला हिरवे शेवाळ धरते.

रुळाचा माथा मात्र सगळीकडे चकचकीत असतो, कारण चाके तो रोज घासून काढतात. मॉडेल करणाऱ्यांच्या हे पथ्यावरच पडते. खऱ्या रेल्वेत माथा चाकांमुळे चमकतो आणि मॉडेलमध्ये तो विजेसाठी स्वच्छ ठेवावा लागतो. कारणे वेगळी असली तरी परिणाम एकच आहे.

रंगामुळे वीज कशी अडते?

एचओ प्रमाणातील साध्या गाड्या १२ व्होल्टपर्यंतच्या एकदिश विजेवर चालतात. एका रुळातून वीज इंजिनाच्या चाकांमार्फत मोटारीत जाते आणि दुसऱ्या रुळातून परतते. चाक आणि रूळ यांचा स्पर्श अगदी लहानशा भागात होतो. तिथे रंगाचा पातळ पापुद्रा असला तरी इंजिन झटके देते किंवा थांबते. त्यामुळे रुळाचा माथा आणि त्याची आतली वरची कड पूर्ण स्वच्छ असावी लागते.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे सांधा, म्हणजेच गाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळवणारा भाग. बाजारात मिळणाऱ्या अनेक सांध्यांमध्ये हलणारी पात शेजारच्या रुळाला टेकते आणि त्या स्पर्शातूनच वीज पुढे जाते. नेमक्या त्या जागी रंग गेला तर पुढचा सगळा मार्ग मृत होतो. रंग वाळताना पात चिकटून बसली तर सांधा हलतच नाही. एकदा खाली चिकटवलेला आणि भोवती खडी टाकलेला सांधा काढणे म्हणजे आजूबाजूचे काम मोडणेच असते.

दोन रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्यांतही पातळ रंग झिरपतो. त्या दिवशी गाडी चालते आणि काही महिन्यांनी अडते. यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे रंगाआधीच प्रत्येक रुळाच्या तुकड्याला खालून वेगळी तार झाळून वीज देणे. मग जोडपट्टीवर भरवसा ठेवावा लागत नाही आणि झाळलेली जागाही रंगाखाली झाकली जाते.

मार्कलिन या जर्मन कंपनीच्या तीन-रूळ पद्धतीत स्लीपरांच्या मधोमध बारीक धातूचे ठिपके असतात. तिथे इंजिनाखालची पट्टी घासत वीज घेते. त्या पद्धतीत रुळांच्या माथ्याबरोबर हे ठिपकेही रंगापासून वाचवावे लागतात.

काम कोणत्या क्रमाने करावे?

रंग सर्वांत शेवटी द्यायचा, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो मधला टप्पा आहे. आधी रूळ बसवायचे, तारा झाळायच्या आणि सगळ्यात हळू चालणारे इंजिन सर्व मार्गांवरून, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही दिशांना फिरवून पाहायचे. दोष असेल तर तो याच वेळी सापडायला हवा. रंगानंतर अडचण आली तर दोष रंगाचा की जोडणीचा, हे कळत नाही.

त्यानंतर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने रूळ पुसायचे. हाताच्या तेलामुळे धातूवर रंग धरत नाही. पुसलेले पूर्ण वाळू द्यावे. सांध्याच्या पातींचे टेकणारे भाग मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्यांनी झाकावेत.

पहिला हात गडद तपकिरी, निस्तेज रंगाचा. तो स्प्रेच्या डब्याने, एअरब्रशने किंवा साध्या ब्रशने देता येतो. स्प्रे दोन्ही बाजूंनी, तिरका आणि पातळ मारावा. एका बाजूनेच मारला तर रुळाची पलीकडची बाजू चमकत राहते आणि फोटोत तीच आधी दिसते. आजूबाजूला डोंगर, घरे तयार असतील तर स्प्रे टाळून ब्रश घ्यावा.

रंगांसाठी खास ‘रुळाचा रंग’ असलेली बाटली लागतेच असे नाही. चित्रकलेच्या दुकानात मिळणारे बर्न्ट अंबर, रॉ अंबर, काळा आणि पांढरा हे चार अ‍ॅक्रिलिक रंग पुरतात. बर्न्ट अंबरमध्ये थोडा काळा मिसळला की रुळाच्या बाजूचा रंग मिळतो. महत्त्वाची अट एकच, रंग चकाकणारा नको.

माथा साफ कधी करायचा?

रंग पूर्ण वाळण्याची वाट पाहू नये. हाताला किंचित चिकट लागतो तेव्हाच लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला सुती फडके गुंडाळून ते रुळाच्या माथ्यावरून फिरवावे. सपाट ठोकळ्यामुळे फक्त माथा पुसला जातो, बाजूंचा रंग राहतो. अ‍ॅक्रिलिकसाठी पाणी किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, तर इनॅमलसाठी टर्पेंटाइन वापरतात. रंगाच्या दुकानात सहज मिळणारे एनसी थिनर मात्र रुळाजवळ आणू नये, कारण ते प्लास्टिकचे स्लीपर विरघळवू शकते.

वाळलेला रंग काढण्यासाठी सँडपेपर वापरण्याचा मोह टाळावा. त्याने रुळावर बारीक चरे पडतात. त्या चरांत काळी घाण साठते आणि मग दर आठवड्याला रूळ पुसत बसावे लागते. राहिलेला रंग लाकडी काडीच्या किंवा आइस्क्रीमच्या चमच्याच्या कडेने खरवडता येतो. लाकूड रंग काढते, पण धातूला ओरखडा पाडत नाही.

स्लीपर सगळे एकाच रंगाचे का नसावेत?

स्लीपरच्या रंगावरून मार्गाचा काळ कळतो. आज भारतातील बहुतेक मार्गांवर काँक्रीटचे स्लीपर आहेत. त्यांचा मूळ रंग फिकट करडा असतो आणि रुळाखालच्या भागात गंजाचे तपकिरी ओघळ दिसतात. जुन्या मार्गांवर लाकडी स्लीपर असत. डांबरी तेल पाजलेला नवा लाकडी स्लीपर काळपट तपकिरी असतो. उन्हापावसात वर्षे गेली की तो राखेसारखा करडा होतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. वाफेच्या इंजिनाखाली फिकट काँक्रीटचे स्लीपर असतील तर जाणकाराच्या डोळ्याला ते लगेच खुपते.

लाकडी स्लीपर एकाच वेळी बदलले जात नसत. जो सडला तो काढून नवा घालत. त्यामुळे मूळ रंगावर प्रत्येक आठ-दहा स्लीपरमागे एखादा जास्त गडद, एखादा जास्त फिकट केला की मार्ग जिवंत वाटतो. भारतीय मुख्य मार्गावर दोन स्लीपरांमध्ये सुमारे ६० सेंटिमीटर अंतर असते. एचओमध्ये हे अंतर ७ मिलिमीटरपेक्षाही कमी होते. या हिशेबाने एक मीटर मार्गात १४० हून अधिक स्लीपर येतात. प्रत्येक स्लीपर वेगळा रंगवण्याचा अट्टहास म्हणूनच बहुतेक जण फक्त समोरच्या, नजरेजवळच्या पट्ट्यात करतात.

शेवटी भरपूर पाण्यात काळा-तपकिरी रंग मिसळून त्याचा हात दिला की तो खाचांत उतरतो. तो वाळल्यावर ब्रश जवळजवळ कोरडा करून फिकट करडा रंग वरच्यावर फिरवला की उंचवटे उठून दिसतात. या दोन हातांनी प्लास्टिकचे लाकूड होते.

खडी रंगाआधी की नंतर?

बहुतेक जण आधी रंगवतात आणि नंतर खडी टाकतात, म्हणजे खडीवर तपकिरी फवारा उडत नाही. भारतीय रेल्वेची खडी साधारण ६५ मिलिमीटरपर्यंतची असते. एचओमध्ये ती पाऊण मिलिमीटर, म्हणजे जाड रव्याच्या कणाएवढी होते. मात्र रवा वापरू नये, त्याला कीड लागते. बारीक दगडाची चुरी चहाच्या गाळणीतून चाळून घेता येते.

दख्खनच्या मार्गांवर काळ्या बेसॉल्टची खडी दिसते. तीच कुटून वापरायची असेल तर आधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवावे. बेसॉल्टमध्ये लोहयुक्त, चुंबकाला चिकटणारे कण असतात. इंजिनाच्या मोटारीतील चुंबक असे सुटे कण ओढून घेतो आणि मोटार खराब होऊ शकते.

खडी मऊ ब्रशने स्लीपरांच्या मध्ये सारखी करून, भांडी घासण्याच्या द्रवाचा थेंब टाकलेल्या पाण्याने हलकी भिजवावी. साबणामुळे पाणी थेंब धरून न बसता आत मुरते. मग पांढऱ्या डिंकात तितकेच पाणी मिसळून ते ड्रॉपरने सोडावे आणि दिवसभर हात लावू नये. डिंक वाळल्यावर खडीचा रंग गडद होऊ शकतो. म्हणून आधी फळीच्या तुकड्यावर चाचणी घेणे चांगले. सांध्याच्या हलत्या भागात डिंक आणि खडी जाता कामा नये.

वापरात नसलेल्या मार्गाचे काय?

दिसणे आणि धावणे यांत खरा झगडा इथे होतो. माल धक्क्याच्या किंवा बंद पडलेल्या मार्गाच्या रुळांचा माथाही गंजलेला असतो. हुबेहूब करायचे तर तो रंगवायला हवा आणि रंगवला तर गाडी चालणार नाही.

यावर हौशी मंडळी आधी एक साधा प्रश्न विचारतात : या रुळावर कधी इंजिन न्यायचे आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर माथ्यासकट सगळे रंगवून टाकायचे, मधे गवत उगवलेले दाखवायचे. उत्तर ‘हो’ असेल तर माथा स्वच्छ ठेवायचा. मग बाजूंना अधिक नारिंगी गंज, मातीत बुडालेले स्लीपर आणि खडीऐवजी धूळ यांतून दुर्लक्ष दाखवायचे. भोवतीचे सगळे जुने दिसले की डोळा माथ्याची चमक माफ करतो.

अमेरिकेचे जॉन अ‍ॅलन हे मॉडेल रेल्वेला मळ, गंज आणि जीर्णपणा देण्याच्या कलेतील अग्रणी मानले जातात. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील घराच्या तळघरात त्यांनी ‘गॉरी अँड डिफिटेड’ ही रेल्वे उभारली. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच आगीत ती नष्ट झाली. आज तिचे काम फक्त छायाचित्रांतून पाहता येते.

भारतीय मार्ग उभारायचा असेल तर?

भारतातील ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा आहे. एचओमध्ये तो १९ मिलिमीटरहून थोडा जास्त व्हायला हवा. दुकानात मिळतो तो १६.५ मिलिमीटरचा मार्ग. म्हणजे भारतीय इंजिनाखाली मार्ग अरुंद दिसणार. स्वतः रूळ बनवल्याखेरीज हे मोजमाप बदलत नाही. अशा वेळी ओळख पटवण्याचे काम रंगाला करावे लागते. फिकट करडे काँक्रीट, काळी खडी आणि काथ्या रंगाचे रूळ दिसले की मराठी डोळ्याला पुणे-मुंबई मार्ग आठवतो. मोठ्या स्थानकांत फलाटालगत खडीऐवजी धुता येणारे काँक्रीट असते, तेही लक्षात ठेवावे.

विदर्भातील वाचकांसाठी आणखी एक मुद्दा आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही ७६२ मिलिमीटरची ‘शकुंतला’ आता धावत नाही. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेजच्या जागी ब्रॉडगेज आला. त्या मार्गांचे इंजिन-डबे निदान संग्रहालयांत सापडतात. त्यांचे स्लीपर, त्यांची खडी, रुळांमधले गवत यांचा रंग मात्र कोणी जपून ठेवत नाही. घरातल्या जुन्या अल्बममध्ये अशा स्थानकावरचा एखादा रंगीत फोटो असेल, तर मॉडेल करणाऱ्यासाठी तो दस्तऐवज आहे. त्यातल्या माणसांच्या पायाखाली काय दिसते, ते जरूर पाहावे.

कोणती काळजी घ्यावी?

रंगाचा नमुना घेण्यासाठी रुळांत उतरू नये. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणे गुन्हा आहे आणि रूळ ओलांडताना माणसे जीव गमावतात. फलाटावरून किंवा पादचारी पुलावरून पुरेसे दिसते.

घरात स्प्रे मारताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, तोंडाला योग्य मास्क लावावा. गॅस, उदबत्ती, समई जवळ नसावी. दगड कुटताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते, तेव्हाही मास्क हवाच. अल्कोहोल, थिनर किंवा ओला डिंक वापरताना रुळांची वीज बंद ठेवावी, कारण चाकाखालची छोटी ठिणगीही वाफ पेटवू शकते.

रंग नेहमी मॉडेलवर असणाऱ्या दिव्याखालीच पारखावा. पिवळ्या एलईडीखाली बरोबर वाटलेला तपकिरी पांढऱ्या ट्यूबखाली वेगळा दिसू शकतो. काम झाल्यावर मोबाइल रुळाच्या पातळीवर आणून एक फोटो घ्यावा. कुठे चांदी चमकते ते त्यात लगेच कळते. मग तेच सगळ्यात हळू चालणारे इंजिन पुन्हा सर्व सांध्यांवरून फिरवावे. ते कुठेही न अडखळता गेले तरच रंगकाम पूर्ण झाले, असे समजावे.